चित्रे हलली नव्हती

रविवार, दिनांक २२ नोव्हेंबर १९९८. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नंदुरबारहून आलेले तीन पाहुणे सुकलाल भामरे याच्या नवागामातील खोलीत सतरंजीवर बसले. नऊ वाजून बावीस मिनिटांनी सुकलालची मुलगी रंजना पोह्यांचे ताट घेऊन बाहेर आली. मुलाच्या मामाने तिच्याकडे पाहिले, हातातील पुस्तिकेकडे पाहिले, पुन्हा तिच्याकडे पाहिले, आणि तो अहिराणीत म्हणाला,

"हाई पोर ती नही शे."

गोंधळ तेथून सुरू झाला. वेळ मला नेमकी आठवते, कारण भिंतीवरील घड्याळाखेरीज त्या क्षणी पाहता येईल असे दुसरे काही मला सापडले नाही.

पुस्तिका आमच्या मंडळाची होती. सुरतेत राहणाऱ्या आमच्या समाजाचे वधू-वर परिचय संमेलन दरवर्षी डिसेंबरात भरते. त्याआधी उपवर मुलामुलींची माहिती छापून वाटली जाते. मी मंडळाचा चिटणीस होतो. त्यापूर्वी पस्तीस वर्षे मराठी शाळेत शिक्षक व शेवटी मुख्याध्यापक होतो. मजकूर तपासणे हे माझे काम. त्या वर्षी प्रथमच पुस्तिकेत फोटो घालावयाचे ठरले, आणि ते काम सुकलालने मागून घेतले.

सुकलालचा मूळ व्यवसाय सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. जेकार्ड मागावर साडीचा काठ किंवा पदर विणावयाचा, तर त्यावरील चित्र आधी बारीक चौकटींच्या कागदावर उतरवावे लागते. एक चौकट म्हणजे ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा. भरलेली चौकट म्हणजे धागा वर, रिकामी म्हणजे खाली. मोराची मान कोठे वळते हे मागाला कळत नाही; कोणता धागा उचलावयाचा एवढेच त्याला कळते. हे कागद तयार करण्याचे काम सुकलालने सव्वीस वर्षे केले. सर्व जण त्याला नाना म्हणत. मी नावाने हाक मारीत असे, कारण त्याचा धाकटा भाऊ माझा विद्यार्थी होता, आणि शाळेतील सवय सुटत नाही.

त्याच्या उजव्या कानावर नेहमी लाल पेन्सिल असे. बोलताना तो समोरच्या माणसाकडे न पाहता त्याच्या सदऱ्याच्या चौकड्यांकडे पाही. कोणत्याही खोलीत शिरला की आधी फरश्या मोजी. आमच्या मंडळाच्या खोलीत आडव्या सतरा व उभ्या तेवीस फरश्या आहेत, हे मला त्याच्यामुळे ठाऊक झाले. त्याचा मला काही उपयोग झालेला नाही. "आधी मोजा, मंग पाहा," असे तो म्हणे. मी त्याला एकदा सांगितले, की पाहिल्याशिवाय मोजता येत नाही. त्याने यावर दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "येतं, गुरुजी. अंधारात जिना मोजतोच ना आपण."

दुसरी सवय उलट बाजू पाहण्याची. जेकार्डवर कापड पुष्कळदा पालथे विणले जाते. विणणाऱ्याला मागची बाजूच दिसते. त्यामुळे सुकलालचा सुलट बाजूवर विश्वास नव्हता. माझ्या पुतणीच्या लग्नात आहेर देण्यासाठी तो मांडवात वर गेला, वधूच्या पदराचे टोक हातात घेतले आणि सर्वांसमक्ष उलटून पाहिले. वराचा काका संतापला.

"अहो, हे काय चाललंय?"

"काही नाही," सुकलाल म्हणाला. "पोर चांगली शे. पदर दोन ठिकाणी चुकेल शे."

काकाची समजूत काढावयास मला अर्धा तास लागला. सुकलालला आपण काय केले ते शेवटपर्यंत कळले नाही. मलाही तो हे जाणून करतो की नकळत, याचा उलगडा कधी झाला नाही.

शहाण्णव साली त्याच्या मालकाने चित्रे तयार करणारा संगणक आणला. जे काम सुकलाल अकरा दिवसांत करी, ते ते यंत्र दुपारच्या जेवणाआधी करू लागले. मालक वाईट नव्हता. त्याने सुकलालला काढले नाही. तयार कापडाचे तागे मोजावयास बसविले. सुकलाल तीन दिवस आपल्या जुन्या जागी, संगणक चालविणाऱ्याच्या खुर्चीमागे, उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने एकच प्रश्न विचारला, "यात चुकलं तर खोडता येतं?" येते, असे उत्तर मिळाले. त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "खोडता येतं म्हणजे भीती गेली, गुरुजी. भीती गेली की हात सैल पडतो." त्यात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने संगणकाच्या शिकवणीला नाव घातले. तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. ज्या यंत्राने आपले काम घेतले त्याच्यासमोर माणूस आपण होऊन का बसतो, हे मी त्याला विचारले नाही. विचारावयास हवे होते.

मंडळाला एका हितचिंतक व्यापाऱ्याने आपला जुना संगणक दिला होता. मंडळाची खोली लिंबायतला, पिठाच्या गिरणीच्या वर. यंत्रावर सतत पीठ बसे. सुकलाल रोज संध्याकाळी सहाला येई, धोतराच्या मऊ फडक्याने कळा पुसी, चप्पल दाराबाहेर काढी व बसे. मी शेजारी वर्तमानपत्र वाचत असे. पत्रके, निमंत्रणे तो टंकित करू लागला आणि लवकरच त्यांत चित्रे घालू लागला. येथून माझे आकलन संपते. मी पाहिले ते लिहितो.

एका सभासदाच्या निधनाची शोकसभा होती. पत्रकावर समई असावी, असे मी सुचविले. संगणकात तयार चित्रांचा मोठा संग्रह होता. त्यात ससे होते, विमाने होती, टोपी घातलेला बर्फाचा माणूस होता, समई नव्हती. दिवा म्हणून जे सापडले ते वाढदिवसाच्या केकवरचे होते. सुकलालने संग्रह बंद केला आणि स्वतः समई काढावयास घेतली. रेघा ओढून नव्हे. त्याने एक लहानसा काळा चौकोन तयार केला, त्याची नक्कल केली, शेजारी ठेवली, पुन्हा नक्कल केली. चार संध्याकाळी हे चालले. तीनशे बारा चौकोनांची समई तयार झाली. मला चित्रातले कळत नाही, पण ती खरोखर समई होती. वातीशी एकच चौकोन पांढरा सोडला होता आणि तेथे ज्योत दिसत होती. मग ती थोडी वर सरकवावी म्हणून त्याने तिला माउसने धरले. एक चौकोन वर गेला. त्याने पुन्हा धरले. दुसरा चौकोन गेला. अर्ध्या तासात समई कागदभर विखुरली.

"हे काय झाले?" मी विचारले.

"सांडली," तो म्हणाला. "एकमेकांना बांधेल नव्हती. शेजारी बसली म्हणजे एक होत नाहीत, गुरुजी."

शिकवणीत जाऊन त्याने चौकोन एकत्र बांधण्याची युक्ती विचारून घेतली. परंतु शोकसभा तोवर होऊन गेली होती. त्या पत्रकावर समईच्या जागी काही नाही. ते मी अजून ठेवले आहे.

परिचय पुस्तिकेत एकशे बारा नावे होती. साठ मुली, बावन्न मुले. प्रत्येकाच्या माहितीच्या सहा ओळी, मग एक रिकामी ओळ, डावीकडे फोटो. एका पानावर चौघे. फोटो दुकानात जाऊन संगणकात उतरवून आणावे लागत. एका फ्लॉपीत तीन-चारच मावत. सुकलाल त्या बिस्किटांच्या डब्यात घालून आणी आणि डबा मांडीवर घेऊन बसे.

पहिले सहा आठवडे फोटो जागेवर राहिनात. एका मुलीचे शिक्षण 'बी. ए.' ऐवजी 'बी. ए., बी. एड.' केले, की खालचा फोटो पुढच्या पानावर जाई. सुकलालने त्यांना जागेवर आणण्यासाठी रिकाम्या जागांची कळ दाबली, किती वेळा दाबली ते चौकटीच्या वहीत लिहिले: चौथा फोटो, आडव्या सदतीस, उभ्या नऊ. ती वही एखाद्या पदराच्या नकाशासारखी दिसे. तरीही फोटो पळत. शेवटी त्याला एक खूण सापडली. फोटोने मजकुराबरोबर हलावे की नाही, हे ठरविणारी ती खूण होती. त्याने एकशे बारा फोटोंची ती खूण एकेक करून काढून टाकली.

"आता खिळे ठोकेल शेत," तो म्हणाला. त्याला इतका प्रसन्न मी क्वचितच पाहिला. "कागद फाटेल, चित्र हलणार नाही."

या एकशे बारांत रंजना होती. तिच्याविषयी येथे लिहिणे भाग आहे. ती नऊ वर्षांची असताना रॉकेलचा स्टोव्ह भडकला. डाव्या गालापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा डाग राहिला. आई दोन वर्षांनी वारली, ती वेगळ्या आजाराने. रंजना शिकली, बालवाडीत शिकवू लागली. सव्विसाव्या वर्षापर्यंत दोन घरांचे लोक तिला पाहावयास आले. दोन्ही वेळा फोटो उजव्या बाजूने काढलेला होता. दोन्ही वेळा पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. दुसऱ्या वेळी मीच मध्यस्थ होतो. ते गेल्यावर रंजनाने सर्वांच्या ताटल्यांतील उरलेले पोहे एका ताटलीत काढले आणि कावळ्यांना घातले. सुकलाल ओट्यावर बसून होता. त्याने तेथेच मला सांगितले, "तिसऱ्यांदा असं होऊ देणार नाही. पोरीला कोणी दारात बघून परत जायचं नाही. बघायचं ते आधी कागदावर बघा, आणि मग या."

म्हणून पुस्तिकेसाठी तो तिला घेऊन स्टुडिओत गेला. फोटोग्राफरने नेहमीप्रमाणे तिचा चेहरा उजवीकडून घेतला आणि वर ब्रशही फिरविला. सुकलालने फोटो परत केला.

"डावी बाजू घ्या."

"काका, डाग येईल."

"येऊ द्या. त्याच्यासाठीच आलो."

असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी रंजना म्हणाली, "नाना, असं करू. आता नुसत्या डागाचाच फोटो काढू. चेहरा राहू दे." फोटोग्राफर हसला, आणि मग त्याने सरळ समोरून फोटो काढला. तो चांगला निघाला. डाग स्पष्ट दिसत होता, आणि ती नुकतीच बोलून थांबल्यासारखी दिसत होती. हे मला सुकलालने सांगितले. मी तेथे नव्हतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काम पुरे झाले. सर्व फोटोंसकट ते फ्लॉपीत मावेना. म्हणून सुकलालने संगणकाचा डबाच काढला, जुन्या साडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन रिक्षाने छपाईवाल्याच्या दुकानात गेला. मी बरोबर होतो. खड्डा आला की तो डबा उचलून धरी. दुकानात जागृतीबेन नावाच्या बाई यंत्रावर बसत. त्यांनी पाने पाहिली आणि म्हणाल्या, "काका, बहु सरस." सुकलालने माझ्याकडे पाहिले. तागे मोजण्याची पाळी होती, म्हणून तो लगेच निघून गेला.

मी थांबलो. आता मी काय केले ते लिहितो.

पुस्तिकेच्या आरंभी चिटणिसाचे निवेदन होते. ते वाचताना मला जाणवले, की समाजातील शिस्तीविषयी त्यात काही नाही. मी कागद मागितला, उभ्या उभ्या एक परिच्छेद लिहिला आणि जागृतीबेनना तो घालावयास सांगितले. त्यांना मराठी टंकलेखन येत होते. वर एक रिकामी ओळ सोडून त्यांनी तो घातला. परिच्छेद सहा ओळींचा झाला. सुकलालला विचारावे, असे मनात आले होते. परंतु मजकूर माझ्याकडे आणि चित्रे त्याच्याकडे, अशी वाटणी होती. मजकुरात भर घालण्यास त्याची अनुमती कशाला, असे मला वाटले. मग छापलेली पाने मी दोनदा तपासली. एकही ऱ्हस्वदीर्घाची चूक नव्हती. मी मजकूर वाचला. फोटोही वाचावे लागतात, हे मला ठाऊक नव्हते.

पुस्तिका शुक्रवारी संध्याकाळी वाटली गेली; काही प्रती रात्रीच्या गाडीने नंदुरबारलाही गेल्या. सुकलालने आपली प्रत न उघडताच देवापुढे ठेवली होती; पाहुणे येऊन गेल्यावर उघडावयाची, असे त्याने ठरविले होते. कारण शनिवारी दुपारीच नंदुरबारहून निरोप आला होता: भामऱ्यांची मुलगी फोटोवरून पसंत आहे, उद्या येतो. निरोप मीच त्याला पोचविला. तो म्हणाला, "फोटो बघून?" मी होय म्हणालो. त्याने पुन्हा विचारले, "नीट बघून?" मी पुन्हा होय म्हणालो. मग तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

तर सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटे. मामाने पुस्तिका पुढे केली. 'कु. रंजना सुकलाल भामरे' या नावाशेजारी दोन वेण्या घातलेली एक गोरी, गोल चेहऱ्याची मुलगी होती. मुलगा खाली मान घालून बसला होता. मुलाचे वडील मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही मध्ये आहात म्हणून विश्वासाने आलो. हे काय आहे?"

"मला कळत नाही," मी म्हणालो. ते खरे होते.

सुकलालने देवापुढची प्रत उचलली. कानावरची पेन्सिल काढली. तो जमिनीवर बसला आणि पहिल्या पानापासून मोजू लागला. नाव, फोटो. नाव, फोटो. रंजना ताट घेऊन उभीच होती. मुलींच्या शेवटच्या नावापाशी तो थांबला. त्या नावाशेजारी झुबकेदार मिशांचा एक तरुण होता. मामाने वाकून पाहिले आणि त्याला हसू आवरेना.

सुकलालने पुस्तिका मिटली. "गुरुजी," तो म्हणाला, "चित्रं हालनात नहीत. मानसं हालनात."

"म्हणजे?"

"फोटो हालले नाहीत, मी ठेवले तिथंच आहेत. नावं एकेक घर खाली सरकली. ज्याच्या त्याच्या शेजारी पुढच्याचा फोटो आलाय. वरून कोणीतरी सात ओळी घातल्या." त्याने निवेदनाचे पान उघडले. तेथे माझा परिच्छेद होता. तो त्याने वाचला. माझ्याकडे पाहिले नाही.

मी काही बोललो नाही. हे मी नमूद करून ठेवतो.

बोलली ती रंजना. तिने ताट खाली ठेवले, पुस्तिका घेतली, आधीच्या नावाशेजारचा आपला फोटो काढला आणि मामापुढे धरला. "ही मी. इथं दुसरीचं नाव आहे, पण फोटो माझाच आहे. डाग दिसतो, बघा. तुम्हाला पाहिजे ती पुढची. तिचा पत्ता खाली आहे, डिंडोलीचा." मग म्हणाली, "पोहे खाऊन जा. ते कोणाच्या नावाचे नाहीत."

त्यांनी पोहे खाल्ले. या वेळी ताटलीत काही उरले नाही, इतकेच. सुकलाल उठला, चप्पल घातली आणि त्यांना डिंडोलीच्या घरापर्यंत सोडून आला. त्याने हे का करावे, ते मला समजले नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगता आला असता.

दुपारी आम्ही मंडळाच्या खोलीवर पोचलो तेव्हा जिन्यात सात माणसे उभी होती. मिशीवाल्याचा बाप होता. त्याच्या मुलाच्या नावाशेजारी दुसऱ्याचा फोटो आणि मुलाचा फोटो मुलीशेजारी, यांतील कोणत्या गोष्टीची तक्रार करावी हे त्याला ठरविता येत नव्हते. एका बाईंची तक्रार अशी होती, की त्यांच्या मुलीशेजारी आलेला फोटो मुलीपेक्षा चांगला आहे, तेव्हा तो बदलू नये. सर्वांना मी संध्याकाळी दुरुस्त पाने मिळतील असे सांगून परत पाठविले. ती कशी मिळणार, हे मला माहीत नव्हते.

सुकलालने कळा पुसल्या. मी शेजारी बसलो.

"त्या ओळी माझ्या आहेत," मी म्हणालो.

"माहीत शे. शिस्तीची आठवण दुसऱ्या कोणाला होणार?" मग तो म्हणाला, "चूक माझी. खिळे मी ठोकले. फोटो कागदाला बांधला. माणसाला बांधायचा होता."

त्याने वरच्या रांगेतील 'टेबल' या शब्दावर बाण नेला. त्या शब्दाखालून त्याने काहीतरी निवडले, आणि कागदावर चौकटी आल्या. आडव्या दोन, उभ्या चार. सुकलाल खुर्चीतून अर्धा उठला.

"गुरुजी, हा तर आपला कागद."

त्याने डाव्या चौकटीत पहिला फोटो घातला, उजवीत सहा ओळी. फोटो चौकटीत बसला. त्याने वर दोन ओळी वाढविल्या. चौकट खाली सरकली आणि फोटो व नाव दोन्ही बरोबर सरकली. त्याने ती पुन्हा वर आणली. पुन्हा खाली नेली. "दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "रोज या शब्दावरून बाण नेत होतो." चौकटींच्या रेघा छपाईत दिसू नयेत अशीही सोय होती. पडद्यावर फिकट दिसत, कागदावर येत नसत. हे मला फार विचित्र वाटले. जी रेघ धरून ठेवते ती दिसत नाही, असे कसे, मी विचारले. "ताण्याचा धागा कुठं दिसतो पदरात?" तो म्हणाला आणि पुढच्या फोटोकडे वळला.

पाच वाजण्याच्या सुमारास जिन्यावर पुन्हा पावले वाजली. पन्नाशीच्या एक बाई आत आल्या. नऊवारी, हातात पुस्तिका, मागे एक सडपातळ मुलगा. कतारगामाहून आलो, मुलगा तेथे एका कारखान्यात हिरे घासतो, असे त्यांनी सांगितले. मी म्हणालो, दुरुस्त पाने अजून झालेली नाहीत.

"पानं नको," त्या म्हणाल्या. "ही पोर कोन शे, तेवढं सांगा. नावावरनं त्या घरी जाऊन आलो. तिथं निराळीच निघाली. तिचा बाप आम्हालाच हसला, की बाई, चष्मा बदला."

त्यांनी पुस्तिका उघडून मेजावर ठेवली आणि फोटोवर बोट ठेवले. तो रंजनाचा फोटो होता.

सुकलालचा हात माउसवर होता. तो तसाच राहिला.

"डाग दिखना का तुमले?" त्याने विचारले.

"दिसला ना. दिसला म्हणून तर आलो." बाई खुर्चीवर टेकल्या. "सगळ्या पुस्तकात पोरी पावडर फासून बसल्यात. एकीचा डाग तेवढा समोर. मी याला म्हटलं, ज्या घरात हे झाकलं नाही तिथं बाकीचं काय झाकतील?"

"आणि मुलाला?" सुकलालने विचारले. त्याने मुलाकडे पाहिले नाही. त्याच्या सदऱ्याकडे पाहिले. सदरा साधा होता, मोजण्यासारखे त्यावर काही नव्हते.

मुलगा म्हणाला, "मी पहिल्यांदा फोटोच बघितला होता. नाव नंतर."

सुकलालने कानावरची लाल पेन्सिल काढली. त्यांच्या पुस्तिकेतील छापलेले नाव एका रेघेने खोडले आणि वर लिहिले: रंजना सुकलाल भामरे. त्याखाली पत्ता. अक्षर चौकटीत भरल्यासारखे सारख्या उंचीचे होते. पुस्तिका परत देताना तो म्हणाला, "घरी आहे ती. मी नाही तिथं. काम पडेल आहे इथं." बाईंनी माझ्याकडे पाहिले. मुलीचा बाप हाच, हे त्यांना कळले की नाही, मी सांगू शकत नाही. मी सांगावयास हवे होते काय, तेही मला ठरविता आले नाही. ती दोघे जिना उतरून गेली.

"तू जा घरी," मी म्हणालो. "पाने उद्या होतील."

"एकशे दहा माणसं चुकीच्या घरी उभी आहेत, गुरुजी."

तो बसला. मी फोटोंची नावे वाचून दाखविली, त्याने चौकटी भरल्या. खाली गिरणी बंद झाली, तेव्हा शेवटचे पान झाले होते.

"माझ्या त्या सहा ओळी काढून टाक," मी म्हणालो.

त्याने निवेदनाचे पान वर आणले, माझा परिच्छेद पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाला, "राहू द्या. आता काही बिघडत नाही त्यानं."

सुकलाल आता नाही. पुढील चार वर्षांत मी त्याला पुष्कळदा पाहिले. परंतु तो आठवतो तो त्या संध्याकाळचा, पडद्याच्या उजेडात, पाठमोरा. उठण्यापूर्वी त्याने अगदी वर, माझ्या परिच्छेदाच्याही वर, दहा वेळा एन्टर दाबले. सर्व नावे दहा ओळी खाली गेली. त्याने रंजनाचे पान काढले आणि पाहिले; नावाशेजारी तिचाच फोटो होता. मग पुन्हा वर येऊन त्या दहा ओळी एकेक करून मागे घेतल्या, ओठांत मोजत. यंत्र बंद केले. भिंतीतला प्लग काढला, वायर हाताभोवती गुंडाळली आणि पीठ बसू नये म्हणून जुन्या साडीच्या तुकड्याखाली सरकवून ठेवली.